थोरल्याच्या शेजारची खुर्ची: रॉबर्ट कोवाच, डिफेंडर ते असिस्टंट कोच

पार्श्वभूमी

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत आहे, पण इथं झाकून काही उपयोग नाही, दोन ओळी वाचल्या की फुटबॉल बघणारा कुणीही ओळखेल आणि सगळं पेपरात येऊन गेलेलंच आहे. तर हा रॉबर्ट कोवाच, आणि त्याचा मोठा भाऊ निको कोवाच. पुढे बऱ्याच ठिकाणी मी नुसतं धाकटा नि थोरला म्हणेन, कारण प्रकरण खरं तर त्या नात्याचंच आहे.

आईवडील बोस्नियातल्या लिव्नोकडचे, कामधंद्यासाठी पश्चिम बर्लिनला आलेले. निको 1971 चा, रॉबर्ट 1974 चा, दोघं बर्लिनमध्येच जन्मले आणि वेडिंग नावाच्या कामगार वस्तीत वाढले. जर्मनीत जन्मूनही दोघं क्रोएशियाकडून खेळले. थोरला मिडफिल्डर, पुढे देशाचा कॅप्टन. धाकटा सेंटर बॅक, देशासाठी 84 सामने आणि एकही गोल नाही. हा आकडा मला फार आवडतो, कारण या माणसाचा स्वभाव त्यात आला. गोल मारायला जायचंच नाही, आपलं काम मागे थांबून समोरच्याला अडवायचं.

खेळाडू म्हणून रॉबर्ट लहान माणूस नव्हता हे आधीच सांगतो, कारण नंतरच्या चर्चेत लोक हे विसरतात आणि 'भावाच्या वशिल्याने आलेला' असं म्हणून मोकळे होतात. न्यूर्नबर्ग, मग 1996 ते 2001 लेव्हरकुझेन, मग बायर्न म्युनिकमध्ये चार वर्षं आणि तिथं दोन लीग, दोन जर्मन कप, शिवाय 2001 चा इंटरकॉन्टिनेन्टल कप. नंतर युव्हेंटस. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात युव्हेंटसला खालच्या डिव्हिजनला ढकललं तेव्हा मोठमोठी नावं पटापट क्लब सोडून गेली, हा एक सीझन सेरी बीमध्ये खेळला आणि टीमला परत वर आणूनच निघाला. मग डॉर्टमुंड, तिथं कोच म्हणून क्लॉप आल्यावर हुमेल्स आणि सुबोटिच ही तरुण जोडी पुढे आली आणि हा झाग्रेबला गेला. 2010 मध्ये खेळणं थांबलं.

आणखी एक गोष्ट. लेव्हरकुझेन आणि बायर्न दोन्हीकडे काही काळ दोघं भाऊ एकाच टीममध्ये होते, आणि देशाच्या टीममध्ये तर जवळपास दहा वर्षं. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशियाची पहिली मॅच ब्राझीलशी, तीही बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर, म्हणजे दोघांच्या गावात. थोरला दुखापत होऊन पहिल्या हाफमध्येच बाहेर गेला, धाकटा मागे उभा राहून रोनाल्डो, आद्रियानो, काका यांना तोंड देत होता, शेवटी काकाच्या एका गोलवर मॅच गेली.

पेच काय होता

असिस्टंट कोचची नोकरी मुळातच विचित्र. हेड कोच आला की त्याच्याबरोबर यायचं, त्याला काढलं की आपणही सामान बांधायचं. आपलं काम चांगलं की वाईट हे बाहेरच्याला दिसतच नाही, टीम जिंकली तर साहेबांची डोकॅलिटी आणि हरली तर सगळ्या स्टाफवर खापर. प्रत्येक असिस्टंटचं हेच असतं. पण बाकीचे निदान साहेब बदलू शकतात. इथं साहेब सख्खा भाऊ. त्याला सोडून दुसऱ्याच्या हाताखाली जायचं तर तो नोकरीबदल राहत नाही, घरातला विषय होतो, आणि पेपरवाले तर टपूनच बसलेले.

दुसरी बाजू ड्रेसिंग रूमची. असिस्टंट हा प्लेयर आणि हेड कोच यांच्या मधला माणूस असतो. ज्याला बेंचवर बसवलंय तो पोरगा साहेबाकडे जाऊन भांडू शकत नाही, तो असिस्टंटकडे येऊन मन मोकळं करतो. आता तो असिस्टंट साहेबाचा भाऊ असेल तर कुणी काय बोलणार? राम-लक्ष्मण म्हणायचा मोह इथं सगळ्यांना होतो, पण लक्ष्मणाला अकरा जणांची टीम निवडायची नव्हती आणि बाहेर बसलेल्यांची समजूतही काढायची नव्हती.

तिसरी गोष्ट उलटी आहे आणि ती जास्त महत्त्वाची. हेड कोचच्या नोकरीत सगळ्यात दुर्मिळ काय असेल तर असा माणूस, ज्याला तुमची खुर्ची नकोय. मोठ्या क्लबमध्ये तर हे सोन्याच्या भावाचं. थोरल्याला ते फुकट मिळालं होतं. म्हणजे जी गोष्ट धाकट्याच्या करिअरला वेसण घालत होती तीच त्याची खरी किंमत होती, आणि माझ्या मते पुढचं सगळं याच एका गाठीभोवती फिरतं.

पहिला निर्णय, 2013

2013 च्या सुरुवातीला निकोकडे क्रोएशियाची अंडर-21 टीम आली आणि रॉबर्ट असिस्टंट म्हणून बरोबर गेला. त्या वेळी त्याच्यासमोर दुसरा रस्ता होता तो नेहमीचाच, एखाद्या अकादमीत पोरांची टीम घ्यायची, खालच्या लीगमध्ये दोनचार वर्षं घासायची, स्वतःच्या नावावर निकाल जमवायचे. वेळखाऊ आणि बेभरवशाचा. भावाबरोबर जाणं सोपं होतं आणि त्या वयात चुकीचंही नव्हतं. थोरल्याने साल्झबर्गमध्ये कोचिंगचे धडे आधीच गिरवले होते, त्यामुळे शिकायलाही मिळणार होतं.

पण रस्ता अनपेक्षित वेगाने वर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रोएशियाच्या सीनियर टीमचा कोच इगोर स्टिमॅक गेला (हो, तोच स्टिमॅक, जो 2019 ते 2024 आपल्या भारतीय टीमचा कोच होता, तोही मूळचा डिफेंडरच) आणि कोवाच बंधूंना थेट मोठी टीम मिळाली. आइसलँडविरुद्धची प्ले-ऑफ जिंकली, 2014 चा ब्राझीलमधला वर्ल्ड कप गाठला. तिथं यजमानांकडून 3-1, मग कॅमेरूनला 4-0 धुतलं, मग मेक्सिकोकडून 3-1 हरून घरी. सप्टेंबर 2015 मध्ये अझरबैजानशी बरोबरी, नॉर्वेकडून हार आणि नोकरी गेली. दोघांचीही, अर्थातच.

वर्षभरही अंडर-21 मध्ये न मुरता थेट सीनियर टीम, म्हणजे धाकट्याला असिस्टंट म्हणून कच्चं राहायची, चुका करायची संधीच मिळाली नाही.

फ्रँकफर्ट: जिथं गणित जुळलं

मार्च 2016. आइनट्राख्ट फ्रँकफर्ट सोळाव्या नंबरवर, म्हणजे बुडायच्या बेतात. कोवाच आले, टीम कशीबशी रेलिगेशन प्ले-ऑफपर्यंत (हरलं की खालची डिव्हिजन) पोचली आणि समोर आलं कोण तर न्यूर्नबर्ग, रॉबर्टचा जुना क्लब. घरी 1-1, मग तिकडे जाऊन सेफेरोविचच्या गोलवर 1-0. वाचले. पुढच्या सीझनमध्ये कप फायनल, डॉर्टमुंडकडून 2-1 हार. त्याच्या पुढच्या वर्षी परत कप फायनल, 19 मे 2018, समोर बायर्न.

ही मॅच बघितली नसेल तर शेवटची दहा मिनिटं तरी बघा. 1-1 चालू होतं, 82 व्या मिनिटाला रेबिच निसटला आणि 2-1. मग बायर्नने पेनल्टी मागितली, रेफरीने स्क्रीनवर जाऊन बघितलं आणि नाही म्हणाला. इंज्युरी टाइम संपत आलेला, बायर्नला कॉर्नर, त्यांचा गोलकीपरसुद्धा पुढे आलेला, बॉल बाहेर पडला आणि गाचिनोविच मोकळ्या अर्ध्या मैदानात एकटा पळत सुटला, समोर रिकामा गोल, बेंचवरचे सगळे लाइनच्या बाजूने त्याच्याबरोबर पळतायत. 3-1. तीस वर्षांनी फ्रँकफर्टला कप मिळाला. आणि कुठं, तर बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवरच. त्या टीममध्ये केविन-प्रिन्स बोआटेंग होता, तोही वेडिंगचाच पोरगा.

इथं एक मुद्दा नोंदवून ठेवा. फ्रँकफर्टच्या स्टाफमध्ये रॉबर्ट एकटा नव्हता, आर्मिन रॉयटरशान नावाचा, बुंडेसलीगात म्हणजे जर्मनीच्या टॉप लीगमध्ये मुरलेला असिस्टंटही होता. म्हणजे घरचा एक आणि बाहेरचा एक. घरच्याने विश्वास द्यायचा, बाहेरच्याने अनुभव द्यायचा आणि वेळप्रसंगी नाही म्हणायचं. ही रचना मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलंय.

फायनलच्या महिनाभर आधीच बातमी फुटली होती की थोरला पुढच्या सीझनपासून बायर्नला जाणार. फ्रँकफर्टचे लोक भयंकर चिडले होते. धाकटा बरोबर जाणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही, सगळ्यांनी गृहीतच धरलं.

म्युनिक: तीन असिस्टंट आणि एक खुर्ची

बायर्नमध्ये पहिल्या वर्षी स्टाफमध्ये रॉबर्टबरोबर पीटर हेरमान होता. जुना जाणता असिस्टंट, बायर्नचा आधीचा हेड कोच हाइन्केस याच्याबरोबर काम केलेला. परत तीच रचना, घरचा एक बाहेरचा एक. नोव्हेंबर 2018 मध्ये डुसेलडॉर्फशी घरच्या मैदानावर 3-3 झालं, डॉर्टमुंड नऊ पॉइंटने पुढे गेलं, आता कोवाच जाणार असं सगळे म्हणत होते. नाही गेले. एप्रिलमध्ये त्याच डॉर्टमुंडला 5-0, लीग दोन पॉइंटने जिंकली, मग लाइपझिगला 3-0 हरवून कपही. डबल. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र लिव्हरपूलने मार्चमध्येच घरी पाठवलं होतं आणि म्युनिकमध्ये ती गोष्ट विसरली जात नाही.

2019 च्या उन्हाळ्यात हेरमान गेला आणि त्याच्या जागी क्लबने आणलं हान्सी फ्लिकला. आता फ्लिक कोण, तर 2006 ते 2014 जर्मनीचा कोच योआखिम ल्योवचा असिस्टंट, वर्ल्ड कप जिंकलेला, बायर्नचा जुना प्लेयर, आणि त्याआधी स्वतः हेड कोच म्हणूनही काम केलेला. कागदावर दोघं एकाच पदावर, असिस्टंट कोच. पण एकाला खुर्ची नको होती आणि दुसरा त्या खुर्चीत बसू शकेल असा होता. ड्रेसिंग रूमला हे कळत नाही असं समजू नका, पहिल्या दिवशी कळतं.

ऑक्टोबर सुरू झाला तो झकास, टॉटनहॅमला त्यांच्याच घरी 7-2. चार दिवसांनी होफेनहाइमकडून घरी हार. त्याच सुमारास बायर्नमध्येच वाढलेला, लोकांचा लाडका थॉमस म्युलर बेंचवर बसत होता आणि थोरला प्रेससमोर असं काहीतरी बोलून बसला की गरज पडली तर त्यालाही मिनिटं मिळतील. म्युलरसारख्या माणसाबद्दल, म्युनिकमध्ये! इथं असिस्टंटचं काम येतं खरं तर. म्युलरजवळ जाऊन बसायचं, साहेबाला सांगायचं की हे वाक्य अंगाशी येणार आहे, उद्या सावरून घे. सख्ख्या भावाला हे सांगणं सोपं असतं की अवघड? घरात सोपं असेल. पण म्युलर ते ऐकून घेणार का, समोर बोलणारा ज्याने त्याला बसवलं त्याचाच भाऊ असताना? तिथं बाहेरच्या माणसाचा शब्द जास्त चालतो.

2 नोव्हेंबर 2019. फ्रँकफर्टचंच मैदान. पहिल्या दहा मिनिटांत जेरोम बोआटेंगला रेड कार्ड (केविन-प्रिन्सचा सावत्र भाऊ, या गोष्टीत भावांची कमी नाही). मग फ्रँकफर्टकडून गोल, कोस्टिच, मग सो, बायर्नच्या लेवांडोव्स्कीने एक परत केला, मग दुसऱ्या हाफमध्ये आब्राहम, हिंटेरएगर, पासिएन्सिया. 5-1. आब्राहम आणि हिंटेरएगर तर डिफेंडर! आयुष्यभर मागे उभं राहून गोल अडवणाऱ्या माणसाने बेंचवरून हे बघायचं, तेही ज्या क्लबला दीड वर्षापूर्वी कप दिला त्यांच्याच मैदानात. दुसऱ्या दिवशी निको आणि बायर्न वेगळे झाले.

त्या दिवशी काय पर्याय होते

क्लबसमोर दोन. सगळा स्टाफ घालवायचा आणि बाहेरून नवा माणूस आणायचा, किंवा फ्लिकला तात्पुरतं वर चढवायचं. त्यांनी दुसरं केलं.

धाकट्यासमोर काय होतं? थांबायचं, म्हणजे फ्लिकच्या हाताखाली तेच काम पुढे करायचं. रॉबर्टही बायर्नचा जुना प्लेयर, टीम ओळखीची, क्लबने नाही म्हटलं असतं तरी विचारून बघायला हरकत नव्हती. दुसरं म्हणजे भावाबरोबर बाहेर पडायचं आणि पुढच्या कॉलची वाट बघायची. तिसरं म्हणजे बाहेर पडायचं पण स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, चौथ्या-पाचव्या दर्जाचं का असेना.

तो भावाबरोबर निघाला. फ्लिक राहिला, आणि त्याच टीमबरोबर पुढच्या ऑगस्टपर्यंत लीग, कप, चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकला, वाटेत बार्सिलोनाला 8-2.

यावरून लोक म्हणतात रॉबर्टने घोडचूक केली. मला नाही पटत. फ्लिक थांबला तो वर चढायला थांबला, रॉबर्ट थांबला असता तर खाली राहायलाच थांबला असता, आणि ज्या भावाला कालच काढलं त्याच्या जागी बसलेल्या माणसासाठी ट्रेनिंगचे प्लास्टिकचे कोन मांडायला दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचं, हे करणारी माणसं असतील पण त्यांच्यावर पुढे कुणी भरवसा ठेवेल का? त्याची किंमत विश्वासात होती हे वर म्हटलंच, तीच त्या दिवशी मोडून खाल्ली असती. माझा आक्षेप दुसऱ्या पर्यायावर नाहीये, तिसरा पर्याय कधीच वापरला नाही यावर आहे.

पुढे काय झालं

इथं पटापट सांगतो. जुलै 2020 मध्ये मोनॅको, पहिल्याच सीझनला तिसरा नंबर आणि फ्रेंच कपची फायनल, पीएसजीकडून हार. पुढच्या ऑगस्टमध्ये शाख्तारविरुद्ध चॅम्पियन्स लीगची प्ले-ऑफ गेली आणि 2022 उजाडता उजाडता नोकरी गेली. मग वोल्फ्सबर्ग, पहिल्या वर्षी आठवा नंबर, दुसऱ्या वर्षी मार्च 2024 मध्ये डच्चू. मग जवळजवळ वर्षभर घरी. फेब्रुवारी 2025 पासून डॉर्टमुंड, टीम तेव्हा अकराव्या नंबरवर होती, सुरुवात वाईट झाली पण शेवटच्या आठ लीग मॅचमध्ये 22 पॉइंट घेतले आणि शेवटच्या दिवशी कीलला 3-0 हरवून चौथा नंबर, म्हणजे चॅम्पियन्स लीग. ज्या क्लबात तरुण पोरांनी त्याची जागा घेतली होती तिथंच रॉबर्ट पुन्हा बेंचवर आहे, पुन्हा थोरल्याच्या शेजारी.

हिशोब मांडला तर क्रोएशिया धरून सहा मोठ्या टीम, एक लीग, दोन जर्मन कप, एका वर्ल्ड कपमध्ये हजेरी. किती हेड कोच आयुष्यभर घासून एवढं बघतात? पण रॉबर्ट कोवाच एकटा कसला कोच आहे याचं उत्तर आजही कुणाकडे नाही, कारण एकाही टीमशीटवर हेड कोच म्हणून त्याचं नाव लागलेलं नाही.

तुलनेला व्हेद्रान चोर्लुका घ्या. क्रोएशियाचाच डिफेंडर, शंभरावर सामने, 2021 मध्ये खेळणं सोडून हेड कोच दालिचच्या हाताखाली नॅशनल टीमचा असिस्टंट झाला, 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरा नंबर. तोही असिस्टंटच आहे. पण दालिच उद्या गेला तर चोर्लुका कुणाबरोबरही जाऊ शकतो, त्याबद्दल कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर मधले रिकामे काळ. 2015 नंतरचे सहा महिने, 2019 नंतरचे आठ, 2022 चे काही, 2024 चं जवळजवळ वर्ष. यातल्या शेवटच्या काळात तरी धाकट्याने एखादी अंडर-19 टीम, एखादा छोटा क्लब, काहीही घ्यायला हवं होतं असं मला वाटतं. हरला असता तरी चाललं असतं. भावाचा फोन आल्यावर परत जाता आलंच असतं, थोरला काय रागावणार होता का.

दुसरं, स्वतःचं एक ठळक काम. आर्सेनलचा निकोला जोव्हेर बघा, सेट पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे) म्हणजे जोव्हेर असं समीकरण झालंय, ब्रेंटफर्डहून मँचेस्टर सिटीला आणि तिथून आर्सेनलला तो स्वतःच्या कामाच्या जोरावर गेला. रॉबर्टसारख्या सेंटर बॅकला डिफेन्सचं असं नाव करता आलं असतं, अमुक टीमची बॅक लाइन कोवाचची, असं. झालं नाही, कारण बाहेर त्याची ओळख कायम एकच राहिली, निकोचा भाऊ, आणि ती बदलायची गरज दोघांपैकी कुणालाच वाटली नसावी.

तिसरं थोरल्यासाठी आणि क्लबसाठी. घरचा असिस्टंट ठेवायचा तर बाहेरचा एक अनुभवी असिस्टंट हवाच, पण तो हेरमान किंवा रॉयटरशानसारखा हवा, ज्याचं करिअर असिस्टंट म्हणूनच झालंय आणि ज्याला वर चढायची घाई नाही. फ्लिकला आणताना बायर्नने इन्शुरन्स काढला होता, मान्य, क्लब म्हणून ते हुशारच. पण मग त्याच दिवशी निकोला स्पष्ट विचारायला हवं होतं की आता स्टाफमध्ये कोण काय करणार, प्लेयरशी कोण बोलणार, म्युलरसारखं प्रकरण आलं तर कुणाचा शब्द चालणार. आणि रॉबर्टनेही करारावर सही करण्याआधी एक कलम वाचून घ्यायला हवं होतं, हेड कोच गेला तर असिस्टंटचं काय, त्याचा करार आपोआप संपतो की त्याला क्लबमध्येच अकादमीत जागा मिळू शकते. तसं कलम असतं तर नोव्हेंबर 2019 मध्ये चौथा एक रस्ताही समोर असता, म्युनिकमध्येच राहायचं, पण फ्लिकच्या बेंचवर नाही, खालच्या पोरांच्या टीमवर, स्वतःच्या नावाने.